वर्षातले काही महिने जर्मनीत कॉन्ट्रॅक्टवर काम केलं, तर कर दोन्हीकडे भरावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातून स्वतंत्र कन्सल्टंट म्हणून पाच-सहा महिन्यांसाठी स्टुटगार्टला जाताय, आणि एक मित्र म्हणतो, "तिकडे कर भरला की इकडे काही दाखवायचं नसतं." या मित्राला मी चांगला ओळखतो. तुमच्याकडे तो मित्र आहे, आमच्याकडे साडू.

दाखवावं दोन्हीकडे लागतं. भरावं दोन्हीकडे लागतंच असं नाही. त्या आर्थिक वर्षात तुम्ही इथे रेसिडेंट, म्हणजे करापुरते रहिवासी, ठरलात (पाच महिनेच बाहेर असाल तर ठरणारच), की तिथे कमावलेला प्रत्येक युरो इथल्या रिटर्नमध्ये यायला हवा. तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून तेवढी वजावट, आयकर कायद्याचं कलम 90 आणि दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी कराराखाली मिळतं, पण मागितलं तर. मागायचं फॉर्म 67 भरून. आपोआप कोणी देत नाही.

मी 2023 मध्ये जानेवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिकडे होतो. गाड्यांच्या ब्रेक कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर तपासायचं काम, पगार नाही, महिन्याला इन्व्हॉइस. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे तेच काम त्यांच्या हिशेबात एका वर्षात बसलं आणि आपल्या हिशेबात दोन वर्षांत फाटलं. करारातल्या 14 व्या कलमात स्वतंत्र व्यावसायिकाला 120 दिवसांची मर्यादा आहे. ती मी कधीच ओलांडली होती, म्हणजे कर घ्यायचा जर्मनीचा हक्क पक्का. तिथल्या कर कार्यालयाने तिमाही आगाऊ कर ठरवून पत्र पाठवलं. 10 मार्चचा आणि 10 जूनचा हप्ता मी तिथूनच भरला.

परत आलो तर रिटर्नची 31 जुलै तोंडावर. माझे तेव्हाचे सीए म्हणाले, "त्यांची असेसमेंट ऑर्डर येऊ दे, मग क्रेडिटचं बघू." ऑर्डर येणार पुढच्या वर्षी, तोवर सगळा कर इथेही भरून मोकळं व्हायचं! त्या वर्षी अधिक श्रावण होता. सासूबाईंनी दोन्ही जावयांना वाण द्यायला बोलावलेलं, तेहतीस अनारसे, वर दिवा, सगळं साग्रसंगीत. मी ताटावर बसूनही मोबाइलवर कर भरल्याचं चलन शोधतोय हे बघून साडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे साडू दोन-दोन सरकारं पोसतात हो!" ते स्वतः त्याआधी म्युनिकला राहून आले होते आणि इथल्या रिटर्नमध्ये त्यांनी त्यातलं अक्षर दाखवलं नव्हतं. सासरे बँकेतून निवृत्त झालेले, निदान ते तरी माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं. ते अनारसा मोडत राहिले.

त्या रात्री मी परदेशी कराच्या क्रेडिटबद्दलचा आयकर नियम 128 अथपासून इतिपर्यंत वाचला. तुम्हीही वाचा, यूट्यूबवर ऐकू नका. त्यात स्वच्छ लिहिलंय की परदेशी सरकारची ऑर्डर किंवा दाखला नसला, तरी कर भरल्याचा पुरावा आणि तुम्ही स्वतः सही केलेलं निवेदन चालतं. शिवाय उत्पन्न दोन वर्षांत विभागलं असेल तर क्रेडिटही त्याच प्रमाणात विभागायचं. मग बसलो. जानेवारी ते मार्चची इन्व्हॉइस 2022-23 मध्ये, त्यांच्या वाट्याचा कर त्याच वर्षाच्या फॉर्म 67 मध्ये, बाकीचं पुढच्या वर्षासाठी बाजूला. रुपये करताना त्या दिवसाचा गुगलचा दर धरायचा नसतो. कर ज्या महिन्यात भरला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, लागतो. म्हणजे 10 मार्चच्या हप्त्याला 28 फेब्रुवारीचा, 10 जूनच्या हप्त्याला 31 मेचा. जुने दर नंतर शोधत बसायचं नसेल तर दर महिनाअखेरीला बँकेच्या दरपत्रकाची पीडीएफ उतरवून ठेवा.

143(1) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून आयकर खातं पाठवतं ते पत्र, आली, क्रेडिट जसंच्या तसं मान्य. पुढच्या वर्षी जर्मनीची ऑर्डर आली तेव्हा थोडा कर आणखी निघाला. त्यातल्या जानेवारी-मार्चच्या वाट्यावर मात्र पाणी सोडावं लागलं, कारण फॉर्म 67 ची मुदत असेसमेंट वर्षाच्या (आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरपर्यंतच, म्हणजे 31 मार्च 2024 पर्यंत होती. (2022 च्या दुरुस्तीआधी तर रिटर्नच्या मूळ तारखेलाच संपायची.)

साडूंचं काय झालं? काहीही नाही, हेच तर दुखणं आहे. परदेशी बँक खात्यांची माहिती आता सरकारांमध्ये आपोआप जाते-येते. नोव्हेंबर 2024 मध्ये आयकर खात्याने अशा खातेदारांना मेसेज पाठवले, तसा त्यांनाही आला. त्यांचं म्हणणं, मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, खातं न दाखवल्याबद्दल 2015 च्या काळा पैसा कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. पण 1 ऑक्टोबर 2024 पासून, स्थावर सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली. त्यांच्या खात्यात किरकोळ युरो होते, सुटले. ही सूट आपल्याला आधीपासून दिसत होती, असं ते आता सांगतात. खातं न दाखवणं वेगळं आणि उत्पन्न न दाखवणं वेगळं, हे मी त्यांना सांगून थकलो. तुमच्या मित्रालाही विचारा, त्याने यातलं नेमकं काय दाखवलं नव्हतं.

आता जर्मनीतला कर टाळता येईल का, ते. माझं मत विचाराल तर क्रेडिटच्या भानगडीपेक्षा तारखांकडे बघा. ते 120 दिवस जर्मनीच्या कॅलेंडर वर्षातले आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाऊन मार्चअखेर परत आलात, तर दोन्ही कॅलेंडर वर्षांत तुम्ही 120 च्या आत राहता आणि भारतात रेसिडेंटही. मग आयकर खात्याकडून फॉर्म 10एफए भरून रेसिडेन्सी सर्टिफिकेट घ्या आणि कर इथेच भरा. हेच सहा महिने जानेवारीपासून मोजलेत तर अडकलात. कॉन्ट्रॅक्टवर सही व्हायच्या आधी तारीख सरकवायला कोणी नाही म्हणत नाही.

एनआरआय व्हायच्या नादाला मात्र फक्त करासाठी लागू नका. आणि झालातच तर फी थेट पुण्याच्या खात्यात मागवू नका. भारतात मिळालेलं उत्पन्न नॉन-रेसिडेंटलाही कलम 5 खाली करपात्र ठरू शकतं. मर्चंट नेव्हीवाल्यांसाठी 2017 मध्ये एनआरई (एनआरआयच्या भारतातल्या) खात्याबद्दल सर्क्युलर काढावं लागलं ते याचमुळे, आणि ते त्यांच्या पगारापुरतंच आहे.

राहिलेल्या अटी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. 120 दिवसांचा फायदा तिथे तुमचं कायमचं बस्तान नसेल तरच. क्लायंटने नावाची पाटी लावलेलं टेबल दिलं तर वाद होऊ शकतो. करारातलं 12 वं कलम तांत्रिक सेवांच्या फीवर 10 टक्क्यांपर्यंत कर घ्यायची मुभा देतं. तुमची फी 12 मध्ये बसते की 14 मध्ये, हे तिथल्या करसल्लागाराकडून लेखी घ्या, तोंडी नको. एकच क्लायंट, त्याच्याच वेळा, त्याचाच लॅपटॉप असेल तर जर्मनीत तुम्हाला कन्सल्टंट न मानता नोकरदारच धरू शकतात, आणि मग हा सगळा हिशेब बदलतो. तिथल्या पेन्शन आणि आरोग्य विम्याचे पैसे म्हणजे कर नव्हे, त्यांचं क्रेडिट नाही. जर्मनीचा कर इथल्यापेक्षा जास्त निघाला तर वरचा भाग ना परत मिळतो, ना पुढे ओढता येतो.

करारातली 12 आणि 14 सोडली, तर वर दिलेली आयकराची कलमं, नियम आणि फॉर्म 1961 च्या कायद्याखालचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आहे, त्यात क्रमांक वेगळे. व्हिसा ज्या कामासाठी मिळालाय तेच काम करा, कर नीट भरला म्हणून व्हिसावालं खातं गप्प बसत नाही. जायची तारीख आणि फी कुठल्या खात्यात जमा होणार, एवढं लिहिलंत तर तुमच्यापुरतं नेमकं सांगता येईल.