अंदमानात निवांतपणा हवा? आधी तिथी बघा

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघे अंदमानला निघालो आहोत, बरोबर सत्तरीची आई आहे. हॅवलॉक आणि नील या बेटांवर दोन-दोन रात्री ठेवल्या आहेत. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याचे फोटो पाहिले तर नुसती जत्रा! फारसा कुणाला माहीत नसलेला, शांत किनारा सुचवाल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कुणालाच माहीत नाही असा किनारा आता हॅवलॉकला (नवे नाव स्वराज द्वीप) शोधण्यात अर्थ नाही. शांतता मिळते ती वेळ साधल्याने. अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे साडेपाचला उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य बुडतो. राधानगरला सगळ्या गाड्या सूर्यास्त गाठायला तीननंतर येतात. तोच किनारा सकाळी साडेसहाला जवळजवळ रिकामा असतो. जेटीपासून अंतर ११-१२ किलोमीटर आहे, पहाटे वाहन सहज मिळत नाही. रिक्षा आदल्या रात्रीच ठरवा आणि परतीचेही तेव्हाच बोलून घ्या.

समुद्राकडे तोंड करून उजवीकडे वाळूतून चालत गेलात की शेवटी ‘नील्स कोव्ह’ हे निळेशार, संथ पाणी लागते. बघायला अप्रतिम, पण पाण्यात उतरू नका. २०१० मध्ये इथेच मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीच्या कडेने वावरतात, म्हणून नाला समुद्राला मिळतो तिथे, विशेषतः तिन्हीसांजेला, गुडघाभर पाण्यातही उभे राहू नये. आईंना एवढे चालणे नको असेल तर मागच्या मोठ्या झाडांच्या सावलीत बसता येईल. नारळाखाली मात्र चटई टाकू नका.

पूर्व किनाऱ्यावरच्या गोविंदनगर, विजयनगरला (स्थानिक हिशेबात तीन आणि पाच नंबर) लोक एकदा जाऊन ‘पाणीच नाही’ म्हणून परततात. तिथला समुद्र उथळ आहे, ओहोटीला पाणी पार दूर जाते. पोहायचे असेल तर भरतीच गाठायला हवी. पण तुम्हाला निवांत बसायचे असेल तर ओहोटीच चांगली. उघड्या पडलेल्या खडकांच्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, इवलेसे मासे दिसतात आणि माणसे तुरळक असतात. पुढे काळापत्थर किनाऱ्यावरच्या टपऱ्या ओलांडून रस्ता समुद्राच्या कडेने जातो. बहुतेक गाड्या टपऱ्यांपाशीच वळतात, तुम्ही वळू नका.

प्रश्न : नीलचा नैसर्गिक पूल (खडकाची कमान) बघायला गेलेले आमचे शेजारी म्हणाले, ‘पूल होता, पण पाण्यामुळे जवळ जाता आले नाही.’ असे का होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण ते भरतीला गेले. लक्ष्मणपूरजवळच्या या पुलाला स्थानिक बंगाली मंडळी ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. त्याच्याकडे जाणारी वाट प्रवाळी खडकांवरून जाते आणि ती पाणी ओसरले तरच मोकळी होते.

वेळ काढायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. कोकणात तिथीची पाऊणकी (पाऊणपट) करून भरतीची वेळ काढतात. उदाहरणार्थ, तृतीयेला तीनची पाऊणकी, म्हणजे सव्वादोन. हाच आकडा अंदमानात जसाच्या तसा लावला की फसगत होते, कारण तिथे भरती आपल्यापेक्षा साधारण सव्वादोन तास आधी येते. म्हणजे तृतीयेला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे. अमावास्या-पौर्णिमेला भरती सकाळी साडेनऊ-दहाला, ओहोटी दुपारी साडेतीन-चारला. पुढे रोज वेळ पाऊण तासाने सरकते. हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून निघण्याआधी पोर्ट ब्लेअरच्या (आताचे श्री विजयपुरम) भरतीच्या तक्त्यावर ताडून पाहा.

पुलासाठी त्रयोदशी ते प्रतिपदा हे दिवस उत्तम. उधाणाच्या या दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे पाणी उतरत असताना बघून होते. डिसेंबरात प्रतिपदेला ओहोटीची वेळ साडेचारच्या पुढे जाते आणि पाचला अंधारू लागते, हे विसरू नका. अष्टमीच्या आसपास ओहोटी सकाळी दहाला येते खरी, पण तेव्हा भांगाची (कमी चढउताराची) ओहोटी असते आणि पाणी जेमतेम उतरते. सहलीचे वेळापत्रक मात्र तिथी बघून कोणी आखत नाही, तुमच्या शेजाऱ्यांचे नेमके तेच झाले असणार.

पायात मागे पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल हवेत. हवाई चप्पल शेवाळावर सटकते आणि खडकाच्या फटीत समुद्री साळिंदर असते, त्याचे काटे पायात मोडतात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. वयस्क मंडळींनी वाटेच्या सुरुवातीलाच थांबावे.

तृतीया-चतुर्थीला तिथे असाल तर आणखी एक गंमत. त्या दिवशी सकाळी सहा-पावणेसातच्या सुमारास ओहोटी येते. जेटीपासून पाचेक किलोमीटरवरच्या सीतापूरला सूर्योदयाला पोहोचा, तिथला दगडी किनारा उघडा पडलेला दिसेल. भरतीला तिथे लाटा कड्यापर्यंत येतात, तेव्हा कड्याखाली बसू नये.

प्रश्न : वाळूतल्या बारीक माश्या फार चावतात म्हणे. आणि पडलेले शंख-शिंपले आणले तर चालतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या माश्या डासापेक्षा बारीक असतात. ओल्या वाळूवर, पहाटे आणि संध्याकाळी जास्त. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि खाजवले की जखम चिघळते. पोटऱ्या-घोट्यांना खोबरेल तेलाचा जाड हात द्या आणि चटईवर बसा, नुसत्या वाळूवर नको.

शंख आणू नका. प्रवाळ, मेलेले असले तरी, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. काही मोठे शंख आणि शिंपलेही. विमानतळावर सामान तपासले जाते. घ्यायचेच असतील तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.