जुनं अग्निशमन केंद्र: दुरुस्त करावं की नवं बांधावं?

तुमचं केंद्र पन्नाशीचं, छत गळतंय, नवी गाडी दारातून जेमतेम निघते. तर दुरुस्ती की नवी इमारत, असं तुम्ही विचारलंय. अशा दोन केंद्रांच्या समितीवर मी होतो. दोन्ही वेळा आम्ही छतापासून सुरुवात केली आणि फसलो.

छत राहू द्या. आधी वर्द्यांची, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यांची, नोंदवही काढा आणि गेल्या तीन-चार वर्षांतली प्रत्येक वर्दी नकाशावर टिंबानं लावा. वस्ती सरकते, केंद्र जागचं हलत नाही. एनएफपीए १७१० या अमेरिकी मानकात पहिल्या गाडीच्या प्रवासाला २४० सेकंद धरलेत. टिंबं त्यापलीकडेच दाटली असतील, तर दुरुस्तीवरचा खर्च चुकीच्या जागेवर होतोय.

जागा बरोबर निघाली, तर वर्दी येते तेव्हा गाडीखान्यात उभे राहा. एका केंद्रात चालक आधी दोन्ही आरसे मिटायचा, गाडी बाहेर काढायचा, मग पुन्हा उघडायचा. रोज! दार रुंद करायचं म्हटलं की मधला खांब आड येतो. जमिनीचंही बघा: पाच हजार लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचे पाच टन. खाली तळघर असेल तर आधी अभियंत्याला विचारा.

तिथल्याच खुंटीवरच्या गणवेशावर पांढरा रुमाल फिरवा, गाड्यांच्या धुराची काजळी दिसेल. आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि अग्निशामकाचं कामच २०२२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात टाकलं. झोपायच्या खोलीचं दार थेट गाडीखान्यात उघडत असेल, तर धूर अडवायला मध्ये बंद खोली काढायला जुन्या आराखड्यात सहसा जागा नसते.

आता काँक्रीट. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारा. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून राखणारा तिथला अल्कधर्म शाबूत आहे. सळईभोवती गुलाबी रंग आलाच नाही आणि वर गळतीही आहे, तर गंज धरलाच समजा. गंज फुगतो, काँक्रीट फोडतो. अशा छताला नुसता गिलावा म्हणजे दर दोन पावसाळ्यांनी तेच काम.

आणि दुरुस्ती चालू असताना गाड्या कुठं उभ्या राहणार? आमच्या अंदाजपत्रकात हा रकानाच नव्हता. दुसऱ्या भूखंडावर नवं बांधलं तर जुनं केंद्र शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. तुमचं दार आणि छत दोन्ही गेलेलं दिसतंय, त्यामुळे माझा कल नव्याकडे आहे. पण भूखंड टिंबांचा नकाशा बघूनच निवडा.