वेल्स की इंग्लंड, हे पगारावरून ठरवू नकोस

प्रिय मुली,

नर्सच्या नोकरीची दोन्ही ऑफर लेटरं वाचली. दोन्हीकडे बँड ५, म्हणजे नव्या नर्सची पगारश्रेणी, पगार जवळपास सारखाच, आणि तू मात्र रात्रभर तेवढाच हिशेब करत बसलीस. मला विचारशील तर वेल्स घे. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पुरेशा नर्स ठेवण्याचा तिथे २०१६ चा कायदा आहे. स्कॉटलंडमध्ये तसा कायदा २०२४ मध्ये लागू झाला, इंग्लंडमध्ये अजून नाही. कायदा असूनही माणसं कमी पडतातच, पण निदान हॉस्पिटलला त्याचा जाब द्यावा लागतो.

खरा धक्का बसेल तो कामाच्या वाटणीचा. आपल्या सिव्हिलमध्ये एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. इंजेक्शनं, सलाईन, राउंड आणि रेकॉर्ड यातच ड्युटी संपते. अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन हे नातेवाईक बघतात, नाहीतर मावशी. तिकडे नातेवाईक भेटीच्या वेळेत येऊन जातात. ते सगळं तू आणि हेल्थकेअर असिस्टंटनं करायचं. ‘शिकून हेच करायचं का?’ अशी कुरकुर आपल्याच मुलींकडून मी बरीच ऐकली आहे. तू करू नकोस. कूस बदलताना टाचा आणि माकडहाड नीट बघ. लाल झालेल्या जागी बोटानं दाब. पांढरी पडली नाही तर बेडसोरची सुरुवात समज. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का ते बघायचं. आपल्याकडे हे बघायला कुणाला सवड होते, सांग!

उलट डोळे मिटून शीर शोधणारा तुझा हात तिकडे सुरुवातीला चालणार नाही. त्यांचं ट्रेनिंग होऊन सही मिळेपर्यंत कॅन्युला, म्हणजे शिरेतली सलाईनची नळी, लावायची नाही. राग येईल, गिळून टाक.

पण गप्प बसण्याची सवय मात्र इथेच सोडून जा. राउंडला आपण फाईल धरून मागे उभ्या राहतो, डोस चुकीचा दिसला तरी ‘सर, एकदा बघता का’ असं आडून विचारतो. तिथे डॉक्टरला नावानं हाक मारतात, आणि दिसलेली गोष्ट बोलली नाहीस तर जबाबदारी तुझ्यावरही येते. न्यूज-टू म्हणजे नाडी, बीपी, श्वास वगैरेंवरून पेशंट किती बिघडतोय ते सांगणारे गुण. तो स्कोअर पाच झाला की लगेच कळवायचं, सात झाला तर इमर्जन्सी. रात्री तीनला फोन करताना ‘सॉरी सर’नं सुरुवात नको. पेशंट कोण, झालं काय, आकडे काय आहेत, तुला काय हवंय, या क्रमानं सांग.

ही मंडळी पहिल्यापासून अशीच होती असं समजू नकोस. २००५ ते २००९ मध्ये त्यांच्या स्टॅफर्ड हॉस्पिटलमध्ये पेशंटांची फार हेळसांड झाली. पाणीसुद्धा हात पोचणार नाही असं ठेवलेलं असायचं. हेलेन डॉनेली नावाच्या नर्सनं तोंड उघडलं, तर सहकाऱ्यांनीच तिला धमकावलं. २०१३ मध्ये त्याची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पेशंटला गंभीर इजा झाली तर घडलेलं त्याला सांगणं कायद्यानं बंधनकारक झालं. आपल्याकडे चूक लिहून दिली की मेमो हातात पडतो, तिथे इन्सिडेंट फॉर्म भरणं रोजचं काम आहे. तरी भाबडी राहू नकोस. त्याच फॉर्मची काठी करून नव्या परदेशी मुलीला झोडणाऱ्या इनचार्जही असतात. म्हणून पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात युनियनची मेंबर हो, आरसीएन किंवा युनिसन, कुठलीही चालेल.

आणि सही करायची घाई नको. मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे, ती अट किती महिन्यांची, हे करारात शोध आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. रविवारी माझी नाईट नाही, फोनवर बोलू.

तुझी,
ताई