गडाचं टपाल : सिमेंटच्या गोण्या खाली ठेवा

आमचं घर पन्हाळ्यावर, तीन पिढ्यांचं. गड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गल्लीत एकच विषय, आता घरं पाडणार. छप्पर गळतंय, पण हात लावायची भीती वाटते. — एक वाचक, पन्हाळा

छप्पर गळतंय ना, मग भीती बाजूला ठेवा आणि कागद काढा.

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. पण युनेस्कोकडे बुलडोझर नाही हो! फार रागावले तर ते नाव काढतात. जर्मनीत ड्रेस्डेनवाल्यांनी एल्बे नदीवर पूल बांधायचा हट्ट सोडला नाही, २००९ मध्ये त्या खोऱ्याचं नाव यादीतून गेलं. पूल झालाच.

तुम्हाला अडवणारा कायदा आपल्याच घरचा आहे आणि या यादीच्या कितीतरी आधीचा. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या (पन्हाळा त्यातलाच) हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीने. मात्र १६ जून १९९२ पूर्वी उभं असलेल्या घराची दुरुस्ती त्या १०० मीटरच्या आतही रीतसर परवानगी घेऊन करता येते. म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडा. मिळकत पत्रिकेचा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, आजोबांच्या नावचं विजेचं बिल, त्या तारखेच्या मागचं जे सापडेल ते अर्जाला जोडा. आणि अंतर नेमकं कुठून मोजलं, ते लेखी मागा. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

तुमचा राग मला समजतो. गडावर माणसं राहतात हे मोजमाप करायला येणाऱ्यांना बहुतेक वेळा शेवटी आठवतं.

आमच्या तालुक्यातला गड कुठल्याच यादीत नाही. मंडळाने वर्गणी काढून पंधरा गोण्या सिमेंट आणलंय. ढासळता बुरूज पावसाळ्याआधी बांधून काढायचा आहे. मार्गदर्शन करावं. — एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते

पोरांनो, गोण्या वर नेऊ नका. नेल्या असतील तर खाली आणा.

मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीत गडांची रेखाटनं केली. तुमच्या वयाची असताना तुमच्यासारखंच एक पुण्यकर्म आमच्या गटानेही केलं. एका छोट्या गडावरच्या टाक्याच्या काठाला दगड निखळले होते. डोक्यावरून सिमेंट नेलं, सांधे गुळगुळीत भरले, नारळ फोडला, फोटो काढला. सहा पावसाळ्यांनी परत गेले तेव्हा आमचं सिमेंट जसंच्या तसं होतं. शेजारच्या दगडाची मात्र साल निघत होती. अंगठ्याच्या नखाने उचकटलं तर भाजलेल्या वांग्यासारखा पापुद्रा हातात आला. त्या काठाचं मी केलेलं जुनं रेखाटन अजून वहीत आहे, दगड तसा उरला नाही.

कारण साधं आहे. चुना दगडापेक्षा मऊ. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतं, झीज झाली तर सांध्याची होते. तो पुन्हा भरता येतो. सिमेंट वाट अडवतं. मग पाणी आणि त्यातले क्षार दगडातून बाहेर यायला बघतात, आणि दगड मऊ, लालसर जातीचा असेल तर तोच फुटतो.

बऱ्याच गडांवर गोल चर आणि त्यात भलंमोठं दगडी चाक दिसतं, ज्यावर बसून तुम्ही फोटो काढता. ती चुन्याची घाणी. बैल जुंपून त्यात भिजवलेला चुना आणि वाळू तासन् तास मळायचे; गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर जसा ज्या गवंड्याचा हात तसा पडायचा. काम झालं की ओली गोणपाटं घालून सांधा हळूहळू सुकू द्यायचा. हे पावसाळ्याआधीच्या दोन रविवारांत होत नाही. शिवाय बुरूज मुळात चुन्यात आहे की नुसता दगडावर दगड बसवलेला, हे तरी बघितलंत का? कोरड्या बांधकामात चुनाही घालायचा नसतो.

यादीत नाव नाही म्हणजे गड मोकळा, असंही नाही. यादीतल्या बारांपैकी आठ केंद्राकडे, आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तुमचा गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे की वनखात्याच्या जमिनीवर, हे आधी विचारा आणि त्यांच्याकडे परवानगीचा अर्ज करा. विनापरवाना हात लावलात तर वर्गणी राहील बाजूला, जामीन शोधावा लागेल.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत वीतभर पट्टी शेजारी धरून प्रत्येक भेगेचे फोटो काढा, तारीख घाला. खात्याने हो म्हटलं की बुरजातली पिंपळाची रोपं बुंध्याशी कापा. उपटू मात्र नका, मूळ दगड घेऊन येतं.

आणि सिमेंट? पायथ्याला संडास बांधा. दर रविवारी गडावर येणाऱ्या बायका तुम्हाला दुवा देतील, त्यात मीही आहे.

रघुजी भोसल्यांची तलवार सरकारने ४७ लाखांना सोडवून आणली, पण पातं म्हणे युरोपात घडलेलं. मग ती मराठ्यांची कशी? — एक वाचक, नागपूर

एप्रिल २०२५ ला लंडनच्या लिलावात घेतली, ऑगस्टमध्ये मुंबईत आली, ती हीच. पातं युरोपी धाटणीचं, एका धारेचं. मूठ इकडची, सोन्याच्या कोफ्तगिरीची, म्हणजे पोलादावर सोनं ठोकून केलेल्या नक्षीची. तेव्हाचे सरदार चांगलं पातं मिळालं की घ्यायचे आणि मूठ आपल्या हाताला येईल अशी घडवायचे. आणि यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिलंय : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. सेनासाहेबसुभा ही नागपूरकर भोसल्यांची पदवी, आणि फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेल्या पात्याची तलवार.