वाचकांचे प्रश्न : ओंकारेश्वर, ममलेश्वर आणि मांधाता बेटाची प्रदक्षिणा

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही घरचे पाच जण उज्जैन आणि ओंकारेश्वर अशी यात्रा करणार आहोत. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमात ओंकारेश्वरासाठी सकाळी नऊ ते दुपारी एक एवढाच वेळ आहे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. एवढ्या वेळात काय पाहून होईल? आणि खरे ज्योतिर्लिंग ओंकारेश्वर की ममलेश्वर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चार तासांत दर्शन होईल, पण ओंकारेश्वर पाहून होणार नाही. शक्य असेल तर कार्यक्रम बदलून घ्यावा आणि तेथे निदान एक रात्र मुक्काम करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. इंदूरहून ओंकारेश्वर रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहे. बहुतेक गाड्या सकाळी येऊन दुपारी परत फिरतात, त्यामुळे संध्याकाळी घाट मोकळे होतात आणि नर्मदेतल्या मांधाता बेटाचे खरे रूप तेव्हा दिसू लागते. रात्री मंदिरात शयन आरती होते. शिवपार्वती रात्री येथे विश्रांतीला येतात या श्रद्धेने गाभाऱ्यात त्यांच्यासाठी सारीपाट मांडून ठेवला जातो. देवाच्या घरातला हा घरगुतीपणा पाहिला की ओंकारेश्वराशी आपले नाते बदलते, असा माझा अनुभव आहे.

आता ज्योतिर्लिंगाविषयी. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ‘ओंकारममलेश्वरम्’ असा जोड उल्लेख येतो आणि परंपरेने ही दोन्ही स्थाने मिळून एकच ज्योतिर्लिंग मानले जाते. ओंकारेश्वर बेटावर आहे, तर ममलेश्वर म्हणजेच अमरेश्वर नदीच्या दक्षिण तीरावर, गावाच्या बाजूला आहे. त्यामुळे खरे कोणते या वादात न पडता दोन्हीकडे दर्शन घ्यावे. घाईत ममलेश्वर गाळणारे पुष्कळ असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. हे जुने दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून तेथील भिंतीवर शिवमहिम्न स्तोत्र कोरलेले आहे. तो लेख इ. स. १०६३ मधील आहे. आपल्या घरांतून आजही म्हटले जाणारे महिम्न जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वी कोणी अक्षर अक्षर करून दगडात उतरवले, त्या भिंतीसमोर सासूबाईंना पाच मिनिटे बसू द्यावे. अहिल्याबाई होळकरांच्या काळापासून येथे मातीची पार्थिव लिंगे घडवून त्यांची पूजा करून ती नर्मदेत सोडण्याची परंपराही चालत आली आहे.

बेटावर जायला पूल आहेत आणि नावाही आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी नाव सोयीची असेल असे समजू नये, कारण घाटाच्या पायऱ्या दोन्ही काठांना चढाव्या-उतराव्या लागतात. पुलावरून सावकाश चालत जाणे त्यांना सोपे पडेल. मंदिराचा गाभारा अरुंद आहे. तेथील लिंग घडवलेले नसून ओबडधोबड नैसर्गिक पाषाण आहे आणि ते शिखराच्या बरोबर खाली नाही. पहिल्यांदा येणारा माणूस म्हणूनच क्षणभर गोंधळतो. सभामंडपातले कोरीव खांब मात्र परतताना थांबून पाहावेत.

घरातील धडधाकट मंडळींनी बेटाची प्रदक्षिणा अवश्य करावी. ती सुमारे सात किलोमीटरची आहे आणि पहाटे लवकर निघाल्यास ऊन चढण्याच्या आत पूर्ण होते. मंदिरापासून पश्चिमेकडे निघालेली वाट नदीच्या कडेने संगमापर्यंत जाते. बेटाच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या प्रवाहाला येथे कावेरी म्हणतात. दक्षिणेतल्या कावेरीशी तिचा संबंध नाही. बेटाच्या पश्चिम टोकाला ती नर्मदेला मिळते. संगमावर ऋणमुक्तेश्वराचे मंदिर असून तेथे हरभऱ्याची डाळ वाहण्याची प्रथा आहे. तिथून वाट पठारावर चढते. वर गौरी सोमनाथाचे मंदिर लागते आणि त्यातले माणसाएवढ्या उंचीचे काळे तुकतुकीत लिंग पाहून थक्क व्हायला होते. स्थानिक लोक त्याला मामा-भांज्याचे मंदिर म्हणतात, कारण मामा आणि भाचा दोघांनी मिळून हात पसरले तरच या लिंगाला कवेत घेता येते, अशी समजूत आहे.

पुढे सिद्धनाथाचे भग्न मंदिर आहे. छप्पर गेलेले, खांब उघडे पडलेले. पण ओट्याभोवती कोरलेले हत्ती अजून जागेवर आहेत. कितीएक हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, तरी त्यांच्या पायांतला जोर आणि अंगाचा कललेला भार दगडात तसाच जिवंत आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात या ओट्याला एक फेरी मारावी. माझ्या मते संपूर्ण बेटावर याहून सुंदर शिल्प नाही, आणि येथे येणाऱ्यांची संख्या मात्र अगदी थोडी आहे.

पठारावरच आदि शंकराचार्यांचा १०८ फूट उंचीचा पुतळा आहे. त्याचे अनावरण २१ सप्टेंबर २०२३ रोजी झाले. केरळातून निघालेल्या बाल शंकरांना गुरू गोविंद भगवत्पाद येथेच भेटले अशी परंपरा असल्याने पुतळा बालवयातील आहे. वासुदेव कामत यांच्या चित्रावरून सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी तो साकारला, हे मराठी यात्रेकरूंना ठाऊक असायला हवे. गोविंदपादांची गुहा मुख्य मंदिराच्या परिसरात आहे. सासूबाईंना पठारावर नेता येणार नाही, पण ही गुहा त्यांना पाहता येईल.

दिवाळीनंतरचा काळ आपण चांगला निवडला आहे, फक्त कार्तिकी पौर्णिमेची गर्दी टाळावी. श्रावणात जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तेथील श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. आपल्याकडे आषाढाचा कृष्ण पक्ष चालू असताना तेथे श्रावणी सोमवारची गर्दी उसळलेली असते.

प्रश्न : माझे यजमान निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला निघत आहेत. परिक्रमेत असताना ओंकारेश्वराचे दर्शन घेता येत नाही असे त्यांना सांगण्यात आले. इतक्या जवळ जाऊन दर्शन का घ्यायचे नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांना मिळालेली माहिती बरोबर आहे. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि तिचा प्रवाह कोठेही ओलांडायचा नाही, हा परिक्रमेचा मूळ नियम आहे. ओंकारेश्वराचे बेट नर्मदेच्या पाण्याने वेढलेले असल्यामुळे पुलावरून गेले तरी प्रवाह ओलांडला जातो आणि परिक्रमा खंडित होते. म्हणून संकल्प करण्यापूर्वी दर्शन घ्यावे, किंवा परिक्रमा पूर्ण झाल्यावर. परिक्रमेत बरोबर बाळगलेले नर्मदाजल शेवटी ओंकारेश्वराला वाहण्याची प्रथा आहे.

दक्षिण तीरावरून चालताना ममलेश्वराचे दर्शन मात्र मनसोक्त घेता येते. समोर पाण्यापलीकडे शिखर दिसत असताना हात जोडून पुढे निघणे अवघड वाटते खरे. पण परिक्रमावासीयाला पाणी ओलांडण्याची मुभा नाही आणि अल्याडच्या तीरावर त्याच ज्योतिर्लिंगाचे दुसरे स्थान त्याच्यासाठी उभे आहे, ही या क्षेत्राची फार मोठी सोय आहे असे मला वाटते.

प्रश्न : लहान मुलांना घेऊन ओंकारेश्वरी स्नान करणे सुरक्षित आहे का? आणि जवळपास आणखी काय पाहता येईल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बांधलेल्या घाटावर, साखळी धरून, वरच्या पायरीवर बसून स्नान करावे. मुलांना पाण्यात सोडू नये. बेटाच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे, त्याच्याही वर पुनासाचे इंदिरा सागर धरण आहे, आणि पाणी सोडल्यावर पातळी पाहता पाहता चढते. एप्रिल २००५ मध्ये अमावस्येच्या जत्रेला धाराजी येथे जमलेले साठाहून अधिक भाविक असेच अचानक वाढलेल्या पाण्यात बुडून गेले. म्हणून पाणी सोडल्याचा इशारा देणारा भोंगा ऐकू आला तर कपडे, तांब्या, पूजेचे साहित्य जिथे असेल तिथे टाकून आधी पायऱ्या चढाव्यात. नावेत बसताना जॅकेट अंगात असल्याखेरीज निघायचे नाही हे नावाड्याला स्पष्ट सांगावे. संगमाजवळच्या खडकांवर शेवाळ असते, तेथे मुलांना उतरवूच नये.

जवळच्या स्थळांत पलीकडच्या तीरावरील सिद्धवरकूट हे जैनांचे सिद्धक्षेत्र, म्हणजे मुनी मोक्षाला गेले असे मानले जाणारे स्थान आहे. अहिल्याबाईंच्या महेश्वरला एक संपूर्ण दिवस द्यावा. तेथील वाडा, घाट आणि हातमाग हा स्वतंत्र प्रश्नाचा विषय आहे.

आपण पुण्याहून येत आहात, म्हणून रावेरखेडीला जावेच असे सांगतो. सनावदच्या बाजूने तेथे जाता येते. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी नर्मदेच्या या काठावर देह ठेवला. नदीकडे तोंड करून त्यांची दगडी समाधी आहे. मुलांना शनिवारवाडा रोज दिसतो. ज्याने तो बांधला, त्याचा शेवटचा मुक्काम कोठे होता हे त्यांना तेथे उभे राहून दाखवता येईल. जवळ खाण्यापिण्याची फारशी सोय नाही, त्यामुळे पाणी आणि शिदोरी सनावदलाच घेऊन ठेवावी.