“कोणत्या कलमानुसार?”

“एका सभासदामुळे बाकीचे येईनासे झालेत, पण नियमात त्याला काढायची सोयच नाही. काय करू?” स्वमदत गट चालवणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यातली ही एक केस, ओळख पटणार नाही इतपत बदललेली.

जवळचं माणूस गमावलेल्या 14 जणांचा गट. एक सभासद लाल शाईने खुणा केलेली नियमावली मांडीवर घेऊनच बसे. कुणाचा कंठ दाटला, की याची हरकत: “क्रम चुकला, कलम 4.” एकदा संयोजिका चिडून म्हणाली, “उद्यापासून येऊ नका.” “कोणत्या कलमानुसार?” ती गप्प झाली आणि वर सगळ्यांसमोर माफी मागून बसली. तिथेच तिची पकड गेली.

ती सल्ल्यासाठी आली, तेव्हा मी तिला आधी नोंदी ठेवायला सांगितल्या. 4 बैठका: वेळ, कुणाचं बोलणं तोडलं, नेमके शब्द. ‘उद्धट’, ‘त्रासदायक’ असलं काही लिहायचं नाही. त्यावर वाद घालता येतो, नोंदलेल्या वेळेबद्दल नाही. 11 हरकतींपैकी 9 मृत्यूचा विषय निघाल्यावरच्या होत्या. त्यालाच ते ऐकवत नव्हतं. हे कळल्यावर तिचा राग ओसरला खरा, पण म्हणून इतरांनी सोसत राहावं असं होत नाही.

दुसरी गाठ सभासदत्वाची. ते काढून घेणं आणि बैठकीतून काही काळ बाहेर ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. तरी गोंधळ घालणाऱ्याला त्या बैठकीतून जायला सांगता येतं.

गटाने तसा नियम केला, पण पुढच्या वागण्यापुरताच. मागच्या वागण्याला लावला असता तर त्याने तो पहिल्या मिनिटाला उडवला असता. मग दोघांनी त्याला एकांतात, 15 मिनिटांत, एकच गोष्ट सांगितली: हरकत लेखी, बैठकीनंतर. तारखेसह पत्रही दिलं. दुसऱ्याच बैठकीत त्याने मोडता घातला. त्याचं म्हणणं ऐकून 4 बैठकांची बंदी ठरली. तक्रार संयोजिकेची, म्हणून त्या दिवशी अध्यक्षपद दुसऱ्याकडे.

बंदीनंतर तो एकदा आला, गप्प बसला, मग आलाच नाही. गळालेल्या तिघांपैकी दोघी परतल्या.

“मी त्याला घालवलं का?” या तिच्या प्रश्नावर आणखी 2 सत्रं गेली.