चेरोकींचं घरदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकन सरकारने चेरोकींना जमिनीचे पैसे दिले होते ना? मग लुबाडणूक कसली?

चेरोकी ही अमेरिकेच्या आग्नेय भागातली मूळनिवासी जमात. १८३८-३९ मध्ये सरकारने त्यांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, बळजबरीने हलवलं. जमिनीच्या बदल्यात पैसे ठरले होते, ५० लाख डॉलर. २९ डिसेंबर १८३५ च्या न्यू इकोटा करारात तसं लिहिलंय. पण त्यावर सह्या केल्या त्या मूठभरांनी. मुख्य प्रमुख जॉन रॉस आणि बहुतांश चेरोकी विरोधात होते. सिनेटमध्ये करार एका मताच्या फरकाने तरला. अशा कराराला सौदा म्हणायला मी तयार नाही. त्याच्या आधीच, १८३२ मध्ये, जॉर्जिया राज्याने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या होत्या.

प्रश्न : घरांची किंमत कुणी ठरवली?

सरकारी माणसांनी. जमीन साऱ्या जमातीच्या मालकीची, त्यामुळे कुटुंबाच्या नावे लागायचं ते जमिनीवर उभं केलेलं. १८३६-३७ मध्ये घरोघर फिरून त्यांनी नोंदी केल्या : घराची लांबी-रुंदी फुटांत, मक्याची कोठारं, कुंपण, लागवडीचं क्षेत्र, पीच आणि सफरचंदाची झाडं मोजून. या याद्या वाचल्या की ‘भटक्या शिकाऱ्यांना हलवलं’ हा दावा टिकत नाही. ही पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी, फळबागा राखणारी माणसं होती.

प्रश्न : घराची नोंद झाली, मग लोकांनी भरपाईचे वेगळे दावे कशासाठी केले?

नोंद झाली ती हलवता न येणाऱ्या गोष्टींची. खरी लूट झाली २६ मे १८३८ पासून. जनरल विनफिल्ड स्कॉटच्या हाताखालच्या सैनिकांनी कुटुंबांना घरातून, शेतातून उचलून छावण्यांत कोंडलं. बहुतेकांना बांधाबांध करायलाही सवड मिळाली नाही. शेतात मका उभा, गोठ्यात गुरं, घरात भांडीकुंडी, आणि लुटारू सैनिकांच्या मागोमाग. चांदीच्या दागिन्यांसाठी थडगीसुद्धा उकरली गेली.

पश्चिमेला पोचल्यावर, विशेषतः १८४२ मध्ये, लोकांनी गेलेली एकेक वस्तू आठवून लिहवली : नांगर, कुदळी, कढया, खोगीर, चरखा, डुकरं, कोंबड्या. बायकांनी स्वतःच्या नावाने दावे केले, कारण चेरोकी रिवाजात बाईची मालमत्ता बाईचीच. पावती कुणाकडे असणार? शेजाऱ्यांची साक्ष, एवढाच पुरावा.

प्रश्न : श्रीमंत चेरोकी तरी सुटले का?

नाही. १८३५ मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतले तेव्हा त्यांच्या घरात सोडतीत ते जिंकणाऱ्याचं बिऱ्हाड होतं. जोसेफ व्हॅन यांनाही त्याच वर्षी विटांच्या हवेलीतून काढलं. ती हवेली आज संग्रहालय आहे. पण या श्रीमंतांकडे गुलाम होते, हेही सांगायलाच हवं. १८३५ च्या शिरगणतीत चेरोकींच्या मालकीचे १,५९२ गुलाम नोंदलेत. मालकाच्या यादीत ते ‘मालमत्ता’ होते. त्यांच्यापैकी अनेकांनाही तीच वाट तुडवावी लागली, आणि त्यांच्या नुकसानाचा दावा मांडायला कुणी नव्हतं.

प्रश्न : शेवटी भरपाई मिळाली?

घरा-शेतांची काहींना मिळाली. लुटीचे बहुतेक दावे तसेच पडून राहिले, १८४६ च्या नव्या करारानंतरही. त्याहून संतापजनक गोष्ट म्हणजे लोकांना हाकलण्याचा खर्चच सरकारने त्यांच्या करारातल्या पैशांतून वळता केला होता. तो ११ लाख ११ हजार डॉलरांहून जास्त होता. १८३८ पासूनच्या व्याजासह तो परत करा, असा निकाल न्यायालयाने १९०६ मध्ये दिला. वंशजांच्या याद्या करून ते पैसे वाटले, पण तोवर ज्यांची गुरं नि कढया गेल्या ती पिढी जवळपास संपली होती.